नसलेली गाडी लिहू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला. पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन सर्व्हेचे पंधरा मिनिटं प्रश्न सोडवले आणि शेवटी 'आपण या सर्व्हेसाठी पात्र नाही' म्हणून बाहेर काढलं, पॉइंट शून्य, मेसचे पैसे द्यायचे राहिलेत आणि रूममेट म्हणते घरी चारचाकी आहे, खरेदीचं सगळं मीच ठरवते असं टाक, मग काढत नाहीत. टाकू का विचारतेस. नको टाकूस.

आधी बाहेर का काढतात ते समजून घे. कोटा ठरलेला असतो, इतक्या बायका, इतक्या ह्या वयाच्या, इतके गाडीवाले. तो भरला की तू कितीही खरी असलीस तरी बाहेर, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. आणि फ्रिज आहे का, कमावणाऱ्याचं शिक्षण किती हे उगाच विचारत नाहीत. 2011 साली आपल्याकडे सर्व्हेत घराचा आर्थिक-सामाजिक वर्ग काढायची जी पद्धत आली ती ह्याच दोन गोष्टींवर, शिक्षण आणि 11 वस्तूंच्या यादीतल्या घरात किती आहेत. तू नसलेली गाडी लिहिलीस की अख्खं घर वरच्या वर्गात जाऊन बसू शकतं, आणि तुझ्या घरासारख्या घरांना काय परवडतं हे कुणाला कळतच नाही.

मी ह्या सर्व्हेच्या लाइनमध्ये दारोदार फिरलेय, कागदी फॉर्म आणि शो कार्डं, म्हणजे उत्तरांचे पर्याय दाखवायची कार्डं, घेऊन. चार जिने चढून बेल वाजवायची, बाई अर्धं दार उघडून म्हणायची आत्ता नको, कुकर लावलाय. सोबतच्या काही जणी टपरीवर बसून मनानेच फॉर्म भरायच्या, मुलाखत खरंच झाली का हे तपासायचा, बॅक चेकचा, फोन गेलाच तर ओळखीचे लोक हो म्हणायचे. मी नाही भरले. टार्गेट राहिलं, पुढच्या प्रोजेक्टला बोलावणं आलं नाही, घरी त्यावरून खूप ऐकून घेतलं. अजून विचारतात, काय मिळालं? काही नाही मिळालं, आणि तरी माझंच बरोबर होतं, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. सल एवढीच की त्या मुलींना तेव्हा तोंडावर बोलले नाही. म्हणून तुला बोलतेय, राग आला तर येऊ दे, नसलेली गाडी लिहायची नाही.

पॅनेलवाले, म्हणजे तुझ्यासारख्यांची नावं नोंदवून सर्व्हे पाठवणाऱ्या कंपन्या, तोच प्रश्न पुढे कधीतरी फिरवून विचारतात, लक्ष आहे का ते मध्येच 'इथे असहमत निवडा' टाकून बघतात, फार भरभर सोडवलं तरी संशय घेतात. पैसे काढायच्या मर्यादेजवळ पोचलीस आणि अकाउंट बंद झालं तर कुणाकडे जाशील?

आणि खरं सांगून मेसचा खर्च निघेल असंही समजू नकोस. गुगल ओपिनियन रिवॉर्ड्स हे गुगलचं सर्व्हेचं ॲप अँड्रॉइडवर प्ले स्टोअरचं क्रेडिट देतं, ते मेसवाल्या काकूंना चालत नाही. रिचार्जपुरतं सुटलं तरी पुष्कळ. त्यापेक्षा आठवी-नववीच्या दोन मुलांची शिकवणी धर, हे मी आधीही सांगितलं होतं!

आणि तू सांगितलेला टेलिग्रामवरचा तो माणूस, हॉटेलला स्टार दिल्याचे 150 पाठवून आता 2000 भर म्हणतोय, तो सर्व्हेवाला नाहीच. सर्व्हेवाला पैसे देतो, मागत नाही. एक रुपया भरू नकोस. आलेले 150 पण वापरू नकोस, ते दुसऱ्या कुणा फसलेल्याचे असू शकतात आणि त्यापायी खातं गोठवलं जातं. चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेव, आजच 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर आणि तुला पैसे आलेत हे लपवू नकोस, जसं झालं तसं सांग.