हेडर आणि बॉडी जोडल्यावर काही नोंदी गायब होतात आणि बेरीज फुगते, असं का?

तुमच्याकडे लॉगमधल्या प्रत्येक नोंदीचं हेडर (वरची सामाईक माहिती) एका टेबलात, बॉडी (आतला तपशील) दुसऱ्यात, दोन्हीकडे रिक्वेस्ट आयडी, म्हणजे त्या नोंदीचा ओळख क्रमांक. जोडल्यावर काही नोंदी गायब आणि बेरीज फुगलेली. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी बेरीज. मी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावरच्या वजनकाट्यांचे लॉग सांभाळतो. एका पावतीचं हेडर एकच: बोट, वेळ, बर्फाचे पैसे. बॉडीत मात्र बांगडा, सुरमई, कोळंबी अशा तीन ओळी. थेट जोडलं की हेडर तीनदा येतं आणि ४०० रुपयांचा बर्फ १,२०० चा होतो. इथे कृपा करून डिस्टिंक्ट (हुबेहूब सारख्या ओळींतली एकच ठेवणारा एसक्यूएलचा शब्द) लावू नका. बांगड्याच्या दोन टोपल्या नेमक्या सारख्या वजनाच्या भरल्या, तर त्यातली एक तो गिळून टाकतो. आधी बॉडी आयडीनुसार ग्रुप बाय करून एका आयडीची एकच ओळ करा, मग जोडा.

गायब नोंदींसाठी लेफ्ट जॉइन (डावीकडच्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणारी जोडणी) घ्या, हेडर डावीकडे. काट्याची मोबाइल रेंज गेली की हेडर पोचलेलं असतं, बॉडी वाटेतच राहते. इनर जॉइन (दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवणारी जोडणी) अशी पावती टाकून देतो. मात्र बॉडीवरची अट व्हेअरमध्ये (जोडल्यानंतरच्या गाळणीत) लिहिलीत तर रिकाम्या ओळी तिथे गळतात आणि लेफ्ट जॉइन घेऊनही उपयोग होत नाही. ती अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्याच अटीत लिहा.

माझे दोन दिवस खाल्ले ते तारखेने. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर), म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला तिथली तारीख बदलते, आणि काट्यांवर झुंबड नेमकी तेव्हाच. हेडर ५:२९ ला, बॉडी ५:३१ ला. मी जोडताना तारीखही जुळवत होतो, म्हणून रोज त्याच वेळच्या पावत्या सुटायच्या. तारखेची गाळणी दोन्ही टेबलांवर हवीच, नाहीतर क्वेरी सगळा लॉग वाचत बसते. फक्त बॉडीची मुदत एक दिवस पुढे वाढवा आणि जुळवणीतून तारीख काढा. काटा बंद करून चालू केल्यावर आयडी पुन्हा १ पासून सुरू होत असेल, तर काट्याचा नंबर आणि दोन वेळांमधल्या फरकाची मर्यादाही जोडणीत घ्या.

जोडण्याआधी दोन आकडे काढा: बॉडी नसलेले हेडर किती, हेडर नसलेल्या बॉडी किती. हेडर नसलेल्या बॉडी साडेपाचच्या आसपासच्या निघाल्या तर तारखेची कड तपासा. बॉडी नसलेले हेडर एकाच काट्याचे असतील, तर क्वेरी सोडा आणि त्या काट्याचं सिमकार्ड बघा.