३,५०० फोटोंचं काय करायचं?

२२ दिवस गाडी चालवून देश या टोकापासून त्या टोकापर्यंत पार केलात, ३,५०० फोटो काढलेत आणि आता विचारताय, 'सगळे एकसारखेच दिसतात, कुठले ठेवू?' माझं म्हणाल तर आत्ता एकही पुसू नका.

पहिल्या मोठ्या प्रवासाहून आल्यावर मी हा शहाणपणा करून बसलोय. एका सुट्टीत बसून सगळे 'खराब' फोटो उडवले. हललेले, काचेवर चिकटलेल्या किड्यांमागून काढलेले, कुणाचं तरी कोपर मध्ये आलेले. उरले डोंगर, सूर्यास्त आणि सरळ रस्ते. आज त्यातला कुठला डोंगर कुठला, मला छातीठोकपणे सांगता येत नाही. नजरचुकीनं एक फोटो तेवढा वाचला. पुढचा पूल बंद होता म्हणून एका गॅरेजवाल्यानं बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं काढून दिलेल्या नकाशाचा. कोपऱ्यात त्याच्या ग्रीसच्या अंगठ्याचा ठसा आहे, आणि एका चौकोनी घरापाशी लिहिलंय, 'इथे थांबू नका, कुत्रा'. तो फोटो बघितला की तुटलेला फॅनबेल्ट, मागच्या सीटवर रुसून बसलेली मुलगी, सगळी दुपार उभी राहते.

कुत्र्यावरून आठवलं. १९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सननं सान फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क असा मोटारीचा प्रवास ६३ दिवसांत केला. अमेरिका मोटारीनं आडवी पार करण्याची ती पहिलीच वेळ. त्याच्या फोटोंतला लोकांच्या लक्षात राहिलेला गडी मात्र बड नावाचा कुत्रा, वाटेत गाडीत घेतलेला आणि धुळीसाठी डोळ्यांवर गॉगल चढवलेला!

आता कामाचं. आधी सगळे फोटो वेळेनुसार लावा. इथेच घोळ होतो, कारण वाटेत घड्याळाची वेळ बदलणारा पट्टा ओलांडला असेल तर फोन आपोआप जुळवून घेतो, कॅमेरा बहुधा नाही. दोन्हींनी टिपलेला एखादा क्षण शोधा, फरक काढा आणि कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढे पुढेमागे सरकवा. सोबत्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घेत असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नुसते फोटो म्हणून आले की आकार घटतो आणि आत नोंदलेली तारीख, ठिकाण दोन्ही जातं. टोलच्या आणि पेट्रोलच्या पावत्या असतील तर आजच फोटो काढून ठेवा. तो कागद उष्णतेनं छापला जातो, गाडीच्या कप्प्यात तापला की अक्षरं पुसट होतात किंवा कागदच काळा पडतो. आणि वेळेचा पुरावा म्हणून पावतीइतकं पक्कं काही नाही.

मग सोबत होते त्यांना एका संध्याकाळी बसवा, फोटो क्रमानं पुढे न्या आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करा. 'इथे तू रस्ता चुकलास', 'मी नाही, तू', हे भांडण तसंच राहू द्या. प्रत्येक दिवसाला त्यातली दोन वाक्यं लिहिलीत तरी पुष्कळ. महिनाभरात करा, नंतर प्रत्येकाची आठवण वेगळी व्हायला लागते.

पुसायचं त्यानंतर. सूर्यास्तांपासून सुरू करा. एकेकाचे ४० तरी असतील, दोन ठेवा.