दहा नंबरच्या मुलाला मागे का आणलं?

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे. दोन वर्षं स्ट्रायकरच्या मागे, दहा नंबरच्या जागी खेळत होता, गोलही करायचा. नव्या प्रशिक्षकांनी त्याला बचावफळीच्या पुढ्यात, सहा नंबरला आणलंय. गोल थांबले, मुलगा हिरमुसलाय. यात त्याचं नुकसान नाही का? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : जागा मागे गेली म्हणजे किंमत कमी झाली, असं मुळीच नाही. इटलीचा मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लोही आधी दहा नंबरच होता. १९९८ मध्ये इंटर मिलानने त्याला घेतलं, पण तिथे त्याचा जम बसला नाही. २००१ च्या सुरुवातीला तो लोनवर, म्हणजे काही काळापुरता, ब्रेशिया क्लबकडे गेला. तिथे स्ट्रायकरमागची जागा इटलीचा दिग्गज रॉबेर्तो बाज्जोची, तिला हात लावणं शक्य नव्हतं. म्हणून प्रशिक्षक कार्लो माझोने यांनी पिर्लोला बचावफळीच्या पुढे उभं केलं.

त्या १ एप्रिलला तुरिनमध्ये युव्हेंटसविरुद्धचा गोल मुलाला आवर्जून दाखवा. पिर्लो मागून, बचावफळीच्या डोक्यावरून लांब चेंडू टाकतो. बाज्जो धावता धावता एकाच स्पर्शात तो उतरवतो, त्याच स्पर्शाने गोलकीपरला बाजूला काढतो आणि रिकाम्या जाळ्यात ढकलतो. सगळे बाज्जोचा पाय बघतात. तुम्ही मात्र पिर्लो कुठे उभा आहे ते बघा. दहा नंबरला असता तर पाठीला बचावपटू चिकटलेला आणि तोंड आपल्याच गोलकडे. मागे आल्यामुळे अख्खं मैदान त्याच्या समोर आहे, आणि मान वर करायला एक क्षण जास्त मिळालाय. मधल्या फळीत त्या एका क्षणासाठीच तर सगळी मांडणी असते.

मात्र नुसती जागा बदलून भागत नाही. प्रशिक्षकांना एकच विचारा : याच्या शेजारी कोण खेळणार? नंतर एसी मिलानमध्ये प्रशिक्षक कार्लो अँचेलोत्तींनी पिर्लोला मागे ठेवलं तेव्हा एका बाजूला चेंडू हिसकावणारा गात्तुझो होता, दुसऱ्या बाजूला ताकदीचा सीडॉर्फ, पुढे रुई कोस्टा. २००३ ची चॅम्पियन्स लीग या चौघांनी जिंकून दिली. शेजारी धावणारे नसतील तर पास देणारा मुलगा दोन-तीन जणांच्या मागे पळून पळूनच दमतो आणि सगळे म्हणतात, ‘हा बचाव करत नाही.’ चूक त्याची नसते.

दुसरा धोका मार्किंगचा, म्हणजे विरोधी खेळाडू सतत चिकटून राहण्याचा. मार्च २०१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक अॅलेक्स फर्ग्युसन यांनी पार्क जी-सुंगला पिर्लोच्या मागे लावलं आणि एसी मिलान ४-० ने हरलं. असं झालं तर मुलाने चेंडू मागत मागे मागे येऊ नये. मार्करला घेऊन ८-१० मीटर बाजूला सरकावं. मधे वाट मोकळी होते, तिथून सेंटर बॅकने (मधल्या बचावपटूने) चेंडू घेऊन पुढे यायचं. हे सेंटर बॅकला आधी सांगून ठेवावं लागतं.

पुढे मिलानचे नवे प्रशिक्षक मासिमिलियानो अॅलेग्री यांना त्या जागी अंगाने मजबूत, चेंडू हिसकावणारा खेळाडू हवा होता. २०११ मध्ये पिर्लो मिलान सोडून युव्हेंटसला गेला. तिथे प्रशिक्षक अंतोनिओ काँते यांनी त्याच्या भोवती विदाल आणि मार्किसिओ हे पळणारे दिले आणि संघ पुढच्या मोसमात एकही लीग सामना न हरता विजेता झाला. पाय तेच होते, मांडणी बदलली होती.

प्रश्न : आमच्या संघात ४-२-३-१ खेळतात (चार बचावपटू, पुढे दोन मिडफिल्डर, मग तिघं आणि एक स्ट्रायकर). मधल्या फळीतले मागचे दोघं असूनही मधून सहज पास जातो. का? – पुणे

उत्तर : बहुतेक वेळा दोघं एकाच आडव्या रेषेत उभे असतात, मग एका पासात दोघंही कापले जातात. एकाने दुसऱ्यापेक्षा ४-५ मीटर पुढे, तिरकं उभं राहावं. दोघांमधलं अंतर साधारण १०-१२ मीटर. एक पुढे गेला की दुसरा थांबतो, हा नियम मोडायचा नाही. प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी २००९-१० मध्ये बायर्न म्युनिकमध्ये श्वाइनश्टायगरला विंगवरून काढून मधे आणलं, तेव्हा शेजारी अनुभवी व्हान बोमेल होता. नवशिक्याशेजारी थांबणारा माणूस द्या, दोन नवशिके एकत्र देऊ नका.

प्रश्न : सहा नंबरसाठी घरच्या घरी काय सराव करावा? – मडगाव

उत्तर : १२ बाय १२ मीटरचा चौकोन आखा. चार कडांवर चार जण, मधे तुम्ही आणि एक विरोधी. चेंडू कडेवरच्या दोघांमध्ये फिरत असतानाच खांद्यावरून मागे बघायचं. तुमच्याकडे यायला निघाल्यावर बघाल तर पहिला स्पर्श हुकतो. बहुतेक मुलं इथेच चुकतात. चौकोनाबाहेर एक जण बोटं दाखवत उभा राहील, चेंडू घेण्याआधी आकडा ओरडून सांगायचा. चेंडू ज्या बाजूने येतो तिच्यापासून लांबच्या पायाने घ्यायचा, म्हणजे अंग आपोआप उघडतं आणि पुढचा पास दिसतो. जवळच्या पायाने घेतला तर चेंडू अंगाखाली अडकतो. दीड मिनिटाच्या सहा फेऱ्या, मधे एक मिनिट विश्रांती. चौकोन जमू लागला की १० बाय १० करा. चारजण जमले नाहीत तर भिंत चालेल, पण बोटं दाखवणारा माणूस हवाच.