सरकारी पैशातून संशोधन झालं, तर औषध स्वस्त मिळतं का?

आपोआप नाही मिळत. पैसे कुणी घातले यापेक्षा करारात किमतीबद्दल काय लिहिलंय, ते बघावं लागतं.

कोव्हॅक्सिनचंच घ्या. विषाणू वेगळा काढला पुण्याच्या एनआयव्हीनं, म्हणजे सरकारी संस्थेनं. आयसीएमआरला, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला, विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी ठरलेली. तरी एप्रिल २०२१ मध्ये लस बनवणाऱ्या भारत बायोटेक कंपनीनं दर सांगितला राज्यांना ६०० आणि खासगी दवाखान्यांना १,२०० रुपये. ओरड झाल्यावर राज्यांचा ४०० केला. आईनं मिरजेत खासगीत डोस घेतला तेव्हा पावती १,४१० ची: १,२०० लशीचे, ६० जीएसटी, १५० सेवाशुल्क. "सरकारनंच शोधलीय ना गं ही?" असं ती काउंटरवरच्या मुलीला विचारत बसली. ती बिचारी काय सांगणार!

उलट रोटाव्हॅक बघा, बाळांना रोटाव्हायरसच्या जुलाबांपासून वाचवणारी लस. मूळ विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये सापडला, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं पैसे घातले. डोस साधारण १ डॉलरला द्यायचा, हे बाजारात यायच्या आधीच जाहीर झालं होतं. तोंडात पाच थेंब, बस्स.

करार ढिला असला तरी कायद्यात एक दार आहे, सक्तीच्या परवान्याचं: पेटंटवाल्याची संमती नसली तरी सरकार दुसऱ्या कंपनीला ते औषध बनवू देतं. २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधासाठी नॅटको या भारतीय कंपनीला तो मिळाला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० वर आला. त्या औषधाचं संशोधन खासगी होतं, पण दार तेच. त्यानंतर मात्र ते पुन्हा उघडलेलं नाही.