फिश टाको: टॅको, टाको की ताको?

फिश टाको म्हणजे मक्याच्या मऊ पोळीत घातलेला, पिठात बुडवून तळलेला मासा, मूळचा मेक्सिकोचा. प्रश्न असा आलाय की मेनूकार्डावर कुठे टॅको लिहितात, कुठे टाको, तर बरोबर काय, आणि फिश टाको मुळात जपान्यांची देणगी म्हणतात ते कितपत खरं.

उच्चाराचं आधी उरकतो. स्पॅनिशमधला त आपल्या त सारखाच दंत्य, त्यामुळे मेक्सिकन माणूस सरळ 'ताको' म्हणतो. ट आला इंग्रजीमार्गे आणि टॅको हे तर खास ब्रिटिश वळण. टाको आता रुळलाय, रुळू द्या, भांडण नको. अनेकवचन मात्र फोटोसारखं करा, एक टाको, दोन टाको, ते 'टाकोज' ऐकलं की माझं डोकं उठतं.

आता अर्थ. स्पॅनिशमध्ये ताको म्हणजे मुळात बोळा किंवा बूच. ठासणीच्या बंदुकीत दारूवर चिंध्यांचा नाहीतर कागदाचा बोळा ठासतात ना, तो ताको. भिंतीत स्क्रू बसवायच्या आधी भोकात ठोकतात तो तुकडाही ताकोच. इतिहासकार जेफ्री पिल्चर यांचं म्हणणं असं की १८व्या शतकात मेक्सिकोतल्या चांदीच्या खाणीत कामगार सुरुंगाची दारू कागदात गुंडाळून खडकाच्या भोकात सारायचे, त्या गुंडाळीला ताको म्हणायचे आणि त्यावरून खायच्या गुंडाळीला तेच नाव पडलं. 'ताकोस दे मिनेरो' म्हणजे खाणवाल्यांचे टाको, असं एक जुनं नावही आहे. दुसरं मत मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'मधला, अर्धा' अशा अर्थाच्या शब्दाकडे बोट दाखवतं. मला बोळाच पटतो, भूक लागली की आपणही घास तोंडात कोंबतोच की.

तिकडे फिश टाकोला 'ताकोस दे पेस्कादो' म्हणतात आणि मला सगळ्यात आवडतो तो हा पेस्कादो. पाण्यात पोहतो तोवर तो 'पेस', जाळ्यात आला की 'पेस्कादो', शब्दशः 'पकडलेला'. आपल्याकडे गळाला मासा लागतो पण बाजार मासळीचा भरतो, अगदी तोच भेद नाही पण जवळपास जातो.

आता जपान. मेक्सिकोच्या वायव्येकडच्या बाहा कॅलिफोर्नियात एन्सेनादा आणि सान फेलिपे, दोन्ही गावं फिश टाको आमचाच म्हणतात. २०व्या शतकाच्या सुरुवातीला त्या किनाऱ्यावर जपानी मच्छीमार काम करायचे हे खरं, आणि त्यांच्या टेम्पुरावरून, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या मासे-भाज्यांवरून, ही पिठात बुडवून तळायची पद्धत आली असं सांगतात. पण गंमत बघा, टेम्पुरा हा शब्दच बहुधा पोर्तुगीज, 'तेम्पेरो' म्हणजे मसाला किंवा 'तेम्पोरास' म्हणजे मांस वर्ज्य असलेले उपासाचे दिवस यावरून. पोर्तुगीज १५४३ साली जपानात पोचले, त्यांच्या पावाला जपानीत 'पान' म्हणतात आणि आपल्याकडे पाव. म्हणजे जपानची कथा खरी धरली तरी तळणीची वाट शेवटी पोर्तुगालकडेच वळते. शिवाय मेक्सिकोत अशा पिठातल्या माशाला 'कापेआदो' म्हणतात, 'कापा' म्हणजे अंगावर घ्यायचा झगा, आणि भरल्या मिरच्यांनाही हाच झगा चढवतात. शब्दात जपानी काहीच नाही. स्पेनमध्ये मासे तळायची परंपरा जुनीच, त्यामुळे माझा कल तिकडे, जपानी हात लागला असेल तर तो पीठ हलकं करण्यात लागला असेल. (जपानीत 'ताको' म्हणजे ऑक्टोपस, तेव्हा तिथे जपून ऑर्डर करा.)

इंग्रजी 'फिश टाको' अमेरिकेत गाजवण्यात राल्फ रुबियोचा मोठा वाटा. सान फेलिपेला कॉलेजच्या सुट्टीत खाऊन आलेल्या या माणसाने १९८३ साली सान डिएगोत दुकान टाकलं.

आणि लोक या टाकोसाठी वेडे का होतात, तर एन्सेनादाच्या गाडीवर उभं राहून खाल्ला की कळतं. मक्याच्या मऊ तोर्तिया, म्हणजे पोळ्या, त्यावर कढईतून नुकताच काढलेला माशाचा तुकडा, वर कच्चा कोबी, पातळ केलेलं मेयोनीज आणि 'पिको दे गायो', म्हणजे कोंबड्याची चोच, प्रत्यक्षात टोमॅटो-कांदा-मिरचीची कोशिंबीर. लिंबू पिळलं की कुरकुरीत पीठ मिनिटभरात मऊ पडायला लागतं, म्हणून गाडीवर कोणी बोलत बसत नाही. टाको तिरका करायचा नाही, मान तिरकी करायची, नाहीतर अर्धा कोबी बुटावर.