गॉस्पेल संगीताचे पुरस्कार वेगवेगळे का?

प्रश्न : अमेरिकेत ग्रॅमी पुरस्कारांमध्ये ख्रिस्ती संगीताचे विभाग असताना ‘डव्ह’ आणि ‘स्टेलर’ हे स्वतंत्र पुरस्कार कशासाठी दिले जातात? आणि एखादे गाणे गॉस्पेल आहे की नाही, हे ठरवतात तरी कसे?
– एक वाचक, वसई

उत्तर : अमेरिकेतील गॉस्पेल संगीताचे, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीताचे, दोन प्रवाह वर्णभेदामुळे दीर्घकाळ वेगळे राहिले. एक दक्षिणेकडील गोऱ्या गायकांच्या चौकडींचा, म्हणजे चार पुरुष, चार पट्ट्यांतले आवाज आणि साथीला पियानो. दुसरा कृष्णवर्णीयांच्या चर्चमधला, ज्याला १९३०च्या दशकात शिकागोमध्ये थॉमस डॉर्सी यांनी ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लौकिक गानप्रकाराच्या ढंगाने नवे रूप दिले. ग्रॅमीने गॉस्पेलची दखल घेतली ती १९६०च्या दशकाच्या आरंभी, आणि पहिला मान मिळाला तो महालिया जॅक्सन या थोर कृष्णवर्णीय गायिकेला. रॉक अँड रोलचे गायक एल्विस प्रेस्ली यांनी स्पर्धेत जिंकलेले तिन्ही ग्रॅमी पुरस्कार धार्मिक गायनासाठीच होते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

तरीही ग्रॅमीत हे संगीत शेकडो नामांकनांच्या गर्दीत एका कोपऱ्यात राहते. म्हणून १९६४ मध्ये स्थापन झालेल्या गॉस्पेल म्युझिक असोसिएशनने १९६९ मध्ये मेम्फिस येथे पहिले डव्ह पुरस्कार दिले. आरंभी त्यांच्यावर चौकडींचाच वरचष्मा होता, आणि १९७१ मध्ये मतदानातील गैरप्रकारांच्या आरोपांमुळे त्या वर्षीचे निकाल रद्द करावे लागले. कृष्णवर्णीय गॉस्पेलला स्वतःचे व्यासपीठ मिळाले ते १९८५ पासून, डॉन जॅक्सन यांनी शिकागोतून सुरू केलेल्या स्टेलर पुरस्कारांमुळे. ग्रॅमीतही आज गॉस्पेल आणि समकालीन ख्रिस्ती संगीत यांचे विभाग वेगळे आहेत, ते याच इतिहासामुळे.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. जॅझ किंवा ब्लूज सुरावटीवरून आणि ठेक्यावरून ओळखता येतात; गॉस्पेलमध्ये मात्र रॉक, रॅप, कंट्री असे सर्व बाज चालतात आणि निर्णय शब्दांवर होतो. नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या छंदात ख्रिस्तभक्ती गायिली, हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. परंतु १९९८ मध्ये ख्रिस्ती पॉप गायिका एमी ग्रँट यांच्या ‘बिहाइंड द आइज’ या अल्बमला डव्ह पुरस्कार मिळाला, तेव्हा देवाचा थेट उल्लेख क्वचितच असलेल्या गाण्यांना हा सन्मान कसा, असा वाद उठला. त्यानंतर असोसिएशनने लेखी कसोट्या ठरवल्या : शब्द बायबलमधील सत्यावर आधारलेले असावेत, किंवा त्यांत देवाची उपासना असावी, किंवा ख्रिस्तामुळे देवाशी जडलेल्या नात्याची साक्ष असावी, किंवा ते ख्रिस्ती जीवनदृष्टीतून आलेले स्पष्ट दिसावेत. पहिल्या तीन कसोट्या गाण्याचे शब्द वाचून लावता येतात. चौथी मात्र इतकी सैल आहे, की दोन प्रामाणिक परीक्षक एकाच प्रेमगीताबद्दल परस्परविरुद्ध निर्णय देऊ शकतील. असे असूनही ती काढून टाकू नये, असे माझे मत आहे, कारण घरातल्या दुःखावर, आजारपणावर किंवा मैत्रीवर लिहिणाऱ्या श्रद्धावान गीतकाराला तिच्याखेरीज दुसरी वाट राहत नाही.