सेल्फ-पोर्ट्रेट आणि डार्करूम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सेल्फ-टायमरवर माझे कान स्पष्ट येतात, डोळे मात्र पुसट. लेन्स 50 मिमी, एफ/2 (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडं).

उत्तर: दीड मीटरवरून एफ/2 ला पुढे-मागे मिळून जेमतेम 10 सेंमी अंतर स्पष्ट येतं, छिद्र लहान करून एफ/8 ला 40 च्या आसपास. बसायच्या जागी स्टँड ठेवा, डोळ्यांच्या उंचीवर छापील कागद चिकटवून त्यावर फोकस करा आणि जागा टेपने आखून ठेवा.

प्रश्न: प्रिंट भराभर काळी पडते, म्हणून 20 सेकंदांतच डेव्हलपरमधून (चित्र उमटवणाऱ्या रसायनातून) काढतो. चालेल?

उत्तर: नाही. एक्स्पोजर (कागदावर पडणारा प्रकाश) कमी करा आणि आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) पेपरला 20 अंशांवर पूर्ण 60 ते 90 सेकंद द्या. नेमका वेळ पेपरच्या माहितीपत्रकात बघा.

प्रश्न: फायबर (प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदावरच्या) प्रिंटवर सहा महिन्यांत पिवळट-तपकिरी डाग पडले. मित्र म्हणतो, वास येतोय तोवर फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) चांगला. दुकानदार संरक्षक स्प्रे घ्यायला सांगतोय.

उत्तर: वासावरून फिक्सर ओळखता येत नाही, हे कितीदा सांगायचं! थकलेल्या फिक्सरमुळे चांदीची संयुगं कागदात अडकतात आणि पुढे त्यांचं सल्फाइड होऊन डाग पडतात. स्प्रे वरच बसतो, आतल्या चांदीला तो काय करणार? फिक्सरचे दोन ट्रे ठेवा, निम्मा-निम्मा वेळ द्या. पहिला थकला की तो बाद करा. दुसरा पहिल्याच्या जागी आणा, मागे ताजा भरा. किती प्रिंट झाल्या ते बाटलीवर लिहा, मर्यादा कंपनीच्या पत्रकातून घ्या. 'जास्त वेळ ठेवलं की झालं' हाही गैरसमजच: रॅपिड फिक्सरमध्ये प्रिंट रेंगाळली तर उजळ भागातले बारकावे उडतात. मग हायपो क्लिअर (फिक्सर धुऊन काढायला मदत करणारं द्रावण) आणि भरपूर धुणं. धुण्यात कसर राहिली तरी डाग येतातच. पडलेले डाग पुन्हा फिक्स करून जात नाहीत. प्रिंट मोलाची असेल तर घरी प्रयोग न करता छायाचित्र-संवर्धकाला दाखवा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो मोरीत ओतू नका, विल्हेवाट कशी लावायची ते जवळच्या लॅबला विचारा.

प्रश्न: सेफलाइटऐवजी (कागद काळा न पाडणाऱ्या डार्करूमच्या दिव्याऐवजी) साधा लाल एलईडी?

उत्तर: चाचणीशिवाय नको. आधी हलका राखाडी होईल इतका एक्स्पोज केलेला कागद नाणं ठेवून पाच मिनिटं त्या दिव्याखाली ठेवा. डेव्हलप केल्यावर नाण्याचा ठसा उमटला तर दिवा बाद.

प्रश्न: दोन महिने डार्करूममध्ये खोकला येतो. मास्क कोणता घेऊ?

उत्तर: दोन महिने थांबलात कशाला? काम आजच बंद करा आणि बाटल्यांवरची लेबलं घेऊन डॉक्टरांकडे जा. स्टॉप बाथचं (डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणाचं) आम्ल फिक्सरमध्ये गेलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो, दमेकऱ्यांना तो फार बाधतो. धुळीचा मास्क वायू अडवत नाही. हवा बाहेर टाकणारा पंखा बसवल्याशिवाय आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय ट्रे भरू नका.